रगत नव्हे, रक्त

माझा धाकटा भाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेला, त्याला आता दीड वर्ष होईल. त्याचं दुखणं त्याच्या बायकोने घरातच दाबून ठेवलं, नाहीतर तो वाचला असता, असं आमच्या भावकीत सगळे म्हणत. ते खोटं होतं. तिला काहीच माहीत नव्हतं. माहीत होतं ते मला, आणि मी गप्प बसलो.

मी मराठीचा शिक्षक. सगळी नोकरी नगर जिल्ह्यातच झाली आणि निवृत्त झाल्यावर पारनेरला घर बांधून राहिलो. भाऊ गावाकडे शेती आणि गाई बघायचा. लहानपणी त्याचं शुद्धलेखन मीच तपासायचो, एका चुकीला एक छडी. सातवीत त्याने शाळा सोडली. कारणं आणखीही होती, पण छड्याही होत्या.

साठी उलटल्यावर त्याच्या मुलाने त्याला मोबाईल घेऊन दिला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. तो एका बोटाने लिहायचा आणि बोलतो तसंच लिहायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने लिहिलं, "दादा आज नळाला पानी आल." मी सगळ्यांदेखत उत्तर दिलं, "पानी हिंदीत येतं. आपल्या गावात पाणी येतं." त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. मला मजा वाटली. निवृत्तीनंतर इतके लोक एकदम माझ्या बोलण्यावर हसले नव्हते.

मग मी रोज सकाळी 'आजची चूक' टाकू लागलो. त्याच्या मजकुराचा फोटो आणि त्यावर लाल गोल. माझ्या नातीच्या वाढदिवसाला त्याने 'वाडदिवसाच्या शुबेच्छा' लिहिलं. मी विचारलं, "वाडं म्हणजे उसाचे शेंडे. पोरीला शुभेच्छा देतोस की चारा टाकतोस?" त्या दिवशी तर त्याचा मुलगाही हसला. तो चाकणला कंपनीत आहे. तिथून त्याने डोळ्यांतून पाणी गळणारी पाच तोंडं पाठवली.

भावाने लिहिलं, "चुकल दादा."

मी लिहिलं, "चुकलं. अनुस्वार."

हळूहळू त्याने ग्रुपवर लिहिणं सोडलं. कुणी काही टाकलं की नुसता अंगठा पाठवायचा. मी त्यावरही लिहिलं, "अंगठेबहाद्दर झालास की." हे मी थट्टेत लिहिलं असं पुढे स्वतःला सांगत राहिलो. थट्टा नव्हती. मला तो वाकलेला बघायला आवडायचा.

एका दुपारी त्याने ग्रुप सोडून फक्त मला लिहिलं. ते असं होतं:

"दादा बाहेरला बसल्यावर रगत पडतय. दोन महीने झाले. कोनाला सांगु नका."

मी जेवून खाटेवर पडलो होतो. वाचलं. मूळव्याध असेल, असं मनात आलं आणि गेलं. मग मी चष्मा लावला आणि उत्तर लिहायला घेतलं. ते उत्तर अजून माझ्या फोनमध्ये आहे. "रगत नव्हे, रक्त. पडतंय, अनुस्वार. महिने, हि ऱ्हस्व. कोणाला, ण. सांगू, गू दीर्घ. तीन वाक्यांत पाच चुका. पुन्हा लिही."

बऱ्याच वेळाने त्याने पुन्हा लिहिलं. "दादा, बाहेरला बसल्यावर रक्त पडतंय. दोन महिने झाले. कोणाला सांगू नका." दादाच्या पुढे स्वल्पविरामसुद्धा होता.

मी लिहिलं, "शाब्बास. १०/१०." फोन उशीखाली ठेवला आणि झोपलो. उठल्यावर त्याला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे दोनदा गावी गेलो, त्याच्याबरोबर गोठ्यात उभा राहिलो, तो बारीक झालेला बघितला, आणि विचारलं नाही. त्यानेही पुन्हा विषय काढला नाही. मास्तरने तपासलेली वही पुन्हा कोण दाखवतो?

चार महिन्यांनी तो गोठ्यातच चक्कर येऊन पडला. नगरला नेलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "फार पसरलंय. इतके दिवस काय करत होतात तुम्ही?" सगळ्यांच्या माना माझ्या भावजयीकडे वळल्या. आमची चुलत बहीण म्हणाली, "एका घरात ऱ्हाऊन तुला कळंना, व्हय गं?"

"मला न्हाई वो बोलले ते कायच," भावजय म्हणाली.

तेव्हा मी घसा साफ करून म्हणालो, "आम्हाला निदान कळवायचं तरी." मीच म्हणालो. थोरला म्हणून सगळ्यांच्या पुढे उभा राहून.

पुतण्या आत जाऊन बापाला विचारत होता, "कुणालाच कसं सांगितलं नाही तुम्ही? दादांना तरी?" मी दारात होतो. भावाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "न्हाई. कोनालाच न्हाई." डोळे मिटून पडून राहिला. नंतरच्या पंधरा दिवसांत आम्ही दोघं एकटे असताना त्याने मला फक्त उशी सरकवायला सांगितली. मग तो गेला.

वर्षश्राद्धाला पंगतीत मी पहिला बसलो होतो. भावजय खीर वाढत होती. कुणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणालं, "नवऱ्याचं दुकनं दिसंना, खीर बरी जमती." ती काही बोलायला गेली, तसा तिचा मुलगा सगळ्यांसमोर ओरडला, "तू गप बस, आई. तुझ्यामुळं गेले ते." ती तशीच पुढे सरकली. माझ्या पानापाशी आली तेव्हा मी खीर वाढून घेतली. खाल्लीही. त्यानंतर पुतण्याने घरी येणं बंद केलं आणि तिचा फोन घेणंही.

परवा त्याला मीच बोलावून घेतलं. वारसनोंदीचं काम आहे असं खोटं सांगितलं, तेव्हा कुठे तो आला. भावाच्या अंगणात बसलो. मी फोन उघडून त्याच्या हातात दिला. तो वाचत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

भावजयीला वाचता येत नाही. तिने विचारलं, "काय हाय त्यात?"

तो पुन्हा वरपासून वाचायला लागला. मग मीच वाचून दाखवलं. पहिलं, माझं, पुन्हा त्याचं, पुन्हा माझं.

ती खाली बघून म्हणाली, "त्या दिशी मोबाईल घिऊन चुलीपशी आले हुते. म्हनले, दादानं धापैकी धा दिलं बघ. मला आकडं तेवढं कळत्यात. मी म्हनलं, मंग पेढं आना की. लई हसले. मला वाटलं, शुबेच्छाच लिवल्यात."

"आई," पुतण्या म्हणाला.

"तू बी हसायचास की रं. ती पिवळी तोंडं कोन टाकायचं?"

तो उठला आणि माझ्यावर धावून येतो की काय असं वाटलं. मी ते मार खाणं पत्करलं असतं. पण त्याने फोन माझ्यापुढे धरला. "ग्रुपवर टाका. आत्ता. माझ्यासमोर. आईला बोलले ते सगळे आहेत तिथं."

मी सगळं टाकलं, मागचे चारही मजकूर, आणि खाली लिहिलं की तिला माहीत नव्हतं, मला होतं. लिहिताना दोन अक्षरं चुकली. ती मी तशीच सोडली. निळ्या खुणा उमटत गेल्या, एकेकाने वाचलं.

मी भावजयीला म्हणालो, "माझं चुकलं."

तिने पदराने तोंड पुसलं. "तुमची यष्टी कितीची हाय, दादा?"

"चारची."

"मंग निगा आता."

मी चपला घातल्या. फाटकापर्यंत कुणी आलं नाही. मागे पुतण्या तिला सारखं काहीतरी सांगत होता, आणि ती पाठ फिरवून गोठ्याकडे निघाली होती.