निवांत ऐकायचा अल्बम

केतकी गेल्याचं मला ऑफिसात कळलं. तिचे वडील, शरदकाका, फोनवर एवढंच म्हणाले, "अरे मंदार, केतकी गेली. डोक्यात रक्तस्राव झाला. तू ये." लंडनच्या एका टोकाच्या इल्फर्डहून दुसऱ्या टोकाला, एजवेअरला त्यांच्या घरी कसा पोचलो, आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल उघडली, तर आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर श्रद्धांजल्यांची रांग लागलेली. 'तिचा दुसरा अल्बम काळाच्या पुढचा होता.' 'शेवटचं गाणं ऐकून डोळे पाणावले.' डोंबल पाणावले! वर्षभरापूर्वी याच मंडळींनी याच ग्रुपवर 'ड्रम्सनी डोकं उठलं' असं लिहिलं होतं. ते ड्रम्स मी वाजवलेत, त्यामुळे माझ्या चांगलं लक्षात आहे. आता काही आठवडे उलटले, पण राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलो तेव्हा तबला येत होता, ड्रम्स इथे शिकलो. केतकी इथेच वाढलेली, मराठी बोलताना लिंगं चुकवायची, शाळेत पियानो शिकवायची. गणपतीच्या कार्यक्रमात आमची ओळख झाली आणि तिनेच ठरवलं की आपण दोघांनी काहीतरी करायचं. काहीतरी म्हणजे काय, तर चेहऱ्याला पांढरा रंग, तिला नऊवारी, भलीमोठी नथ आणि पायात बूट, मला काळं जाकीट आणि रंगवलेल्या मिशा. गाणी अर्धी मराठी, अर्धी इंग्लिश. "मंद्या, तुझा मिशी घामाने पुसला," असं ती भर स्टेजवर ओरडायची आणि लोकांना वाटायचं, हेही बसवलेलंच आहे. पहिला अल्बम सगळा थट्टेचा होता. हीथ्रोला लोणच्याच्या बरणीसकट अडकलेल्या सासूबाईंचं गाणं तर मंडळात वन्स मोर घेतल्याशिवाय संपायचंच नाही. शरदकाका पहिल्या रांगेत बसून शेजारच्यांना सांगायचे, "आमची मुलगी."

मग केतकीची आई गेली. त्यानंतर त्या घरात आईचा विषय बंद झाला. बापलेक समोरासमोर बसून जेवायचे आणि बोलायचा तो टीव्ही. दुसरा अल्बम या घराबद्दल होता. पांढरा रंग तोच, नथ तीच, पण हसू नाही. शेवटच्या गाण्यात नुसता पियानो, आणि त्यात एकच मागणं... बाबा, जेवताना एकदा तरी आईबद्दल बोला. "इथे तू काही वाजवायचा नाहीस, मंद्या. स्टिक्स मांडीवर ठेव आणि फक्त बस." मी म्हटलं, अगं, एवढंच आहे तर सरळ सांग ना त्यांना. ती म्हणाली, "तोंडावर सांगितला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. गाण्यात तो नाही करता येणार."

अल्बमची पहिली सीडी तिने काकांच्या हातात दिली तेव्हा मी तिथे होतो. त्यांना केवढा आनंद झाला! नवीन वस्तू म्हणून त्यांनी ती देवघरात ठेवली, प्लास्टिकच्या वेष्टनावरच हळदकुंकू लावलं, साखर ठेवली. केतकी हसली. तिला वाटलं, संध्याकाळी काढतील.

पुढे दर रविवारी काका तिला लोकांची मतं पोचवायचे. "कुलकर्णीकाकू म्हणाल्या, पहिल्यात काय मजा होती." "देशपांडे विचारत होते, पोरीला एवढं दुःख कसलं?" एका पबमध्ये कार्यक्रम संपल्यावर एक गोरा येऊन म्हणाला, छान आहे, पण सतार का नाही? कपाळ माझं! यांना हसायला हवं होतं, त्याला सतार हवी होती. केतकी सगळं ऐकून घ्यायची आणि काकांना विचारायची, "आणि तुम्हाला कसा वाटला?" उत्तर ठरलेलं, "मी ऐकतो ना, निवांत."

एकच पत्र चांगलं आलं. लेस्टरच्या एका नर्सने लिहिलं होतं, शेवटचं गाणं कार पार्कमध्ये बसून ऐकलं आणि मग केअर होममध्ये वडिलांकडे गेले, खूप वर्षांनी आम्ही बोललो. मी नाचायचाच बाकी होतो. केतकीने ते वाचून घडी घातली. म्हणाली, "बघ ना, दुसऱ्यांच्या बाबांपर्यंत गेलं."

परवा काकांकडे गेलो होतो. तिच्या फोटोला चंदनाचा हार. भेटायला आलेल्या जोडप्याला काका सांगत होते, "दुसरा अल्बम लोकांना फार आवडला हो." ते दोघं गेल्यावर मी देवघरात डोकावलो. सीडी तिथेच होती. प्लास्टिक तसंच, त्यावर कुंकवाचे थर, आणि वर त्या दिवशीचं ताजं फूल. दीड वर्ष हा माणूस रोज त्या सीडीची पूजा करत होता!

काका मागे येऊन उभे राहिले. सीडी हातात घेऊन धोतराच्या सोग्याने कडा पुसली. "यातलं शेवटचं गाणं माझ्यावर आहे म्हणतात. तुला तर पाठ असेल. काय म्हणते रे ती त्यात?"

मला शब्द न् शब्द पाठ होता. जिभेवर आला होता. पण मी का सांगू? तिने कितीदा विचारलं होतं यांना...

"निवांत ऐका, काका."

"हो, ऐकतो," ते म्हणाले. सीडी जागेवर ठेवली, फूल सरळ केलं. मग बाहेर येऊन जेवणाच्या टेबलाशी तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.