जीवराम नानांचा डावा गाल

मेलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा तर आधी भुवयांना व्हॅसलीन चोपडायचे आणि मग प्लास्टर ओतायचे, एवढे नूतनला कला महाविद्यालयातच शिकवले होते. पण कातड्याखाली काय चालते ते कळल्याशिवाय तिला चैन पडेना. म्हणून ती धुळ्याला गेली आणि वैद्यकीय महाविद्यालयातून परवानगी काढून हिवाळाभर शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात बसून चित्रे काढत राहिली.

फैजपूरला घरी आली की आई विचारायची, "तठी पाहून आल्यावर जेवन जातं का व तुले?"

"जातं ना. जेवताना कोणाचा कोणता स्नायू हलतो, तेच बघत असते मी."

त्या दिवसापासून आई तिच्या समोर जेवायला बसेनाशी झाली.

पुढे असोद्याला, केळीचे कॅरेट ठेवायच्या एका रिकाम्या शेडमध्ये नूतनने भट्टी मांडली. गेलेल्या माणसांचे भाजक्या मातीचे मुखवटे करणारी पोरगी म्हणून ती आसपास ओळखली जाऊ लागली. तिचा एकच नियम होता. साच्यातून निघालेल्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. लावला, की तो आपण घडवलेला होतो, त्या माणसाचा राहत नाही.

यंदा उन्हाळ्यात गावातले जीवराम नाना गेले. त्यांचा मुलगा हितेंद्र तिला बोलवायला आला. नानांना आंघोळ घातलेली होती आणि हनुवटी पांढऱ्या फडक्याने बांधलेली होती. फडके सोडायला बायकांनी नकार दिला, तेव्हा नूतनने तसाच साचा घेतला.

तेराव्यानंतर ती मुखवटा घेऊन गेली. नानांच्या बायकोने, सुनंदाबाईंनी, तो मांडीवर घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"हे कोन हाये?"

"नाना आहेत, अक्का."

"नई. यांचं तोंड इतकं सपाट नव्हतं."

हितेंद्र म्हणाला, "आई, त्यांच्या तोंडावरूनच काढलंय. साचा काय खोटं बोलीन?"

"साच्यानं त्यांले एक डाव पाह्यलं. मी त्यांच्यासंग म्हतारी झाली." त्यांनी मुखवटा बाजूला सारला. "घेऊन जा, पोरी."

आजवर कोणत्याच घराने मुखवटा परत केला नव्हता. नूतनला वाईट वाटले, पण त्याहून जास्त कुतूहल वाटले. नेमके काय हरवले होते? सपाट, म्हणजे गालच असणार.

"नाना तंबाखू खायचे का?"

"खायचे? झोपेतबी गालात असायची."

"कोणत्या गालात?"

सुनंदाबाईंनी जिभेने डावा गाल फुगवला आणि तसेच बोबडे बोलून दाखवले, "सुनंदे, च्या मांड." हितेंद्रला हसू आवरेना.

नूतनच्या डोळ्यांपुढे धुळ्याचे ते शवविच्छेदनाचे टेबल आले. चावताना घास दातांशी धरून ठेवतो तो गालाचा स्नायू. नानांचा तो वर्षानुवर्षे ताणून सैल झाला असणार. आंघोळीच्या वेळी कोणीतरी तोंडातली चिमूट काढली, देह उताणा ठेवला, वरून फडके आवळले आणि गाल कानाकडे सरकला. साचा खरा होता, पण तो चेहरा घरातल्या कोणी कधी पाहिलेला नव्हता.

आपल्या नियमावरून रात्रभर तिचे स्वतःशीच वाद झाले. दुसऱ्या दिवशी तिने साच्यात नवी माती दाबली आणि सुनंदाबाईंना शेडवर बोलावले. ओला मुखवटा उलटा करून त्यांच्या हातात दिला.

"आतून दाबा, अक्का. मी दाबणार नाही. मी नानांशी कधी बोललेसुद्धा नाही."

सुनंदाबाईंनी दोन बोटे आत घातली. थोडे दाबले, पालथे करून पाहिले, पुन्हा दाबले. ओठाच्या कोपऱ्याशी माती तडकली. नूतनने पाण्याचे बोट फिरवून तेवढी भेग बुजवली.

"भट्टीत जरा लहान होईल हं."

"होऊ दे. शेवटी शेवटी तेबी उतरलेच होते." त्यांनी पदराला हात पुसले. "आता भाज."

"आणि तो पहिला?"

"तो तुह्यापाशी ऱ्हाऊ दे. त्या मानसाले मी वळखत नई."