नववी, मावशीच्या पार्लरमध्ये

पार्लरमध्ये किस्से कसे साठतात सांगू? फरशीवरच्या केसांसारखे! सकाळी झाडून काढा, दुपारी परत ढीग. माझ्याकडे तर अख्ख्या पावसाळ्याचा ढीग आहे, कारण नववीतले ते महिने मी शाळेऐवजी मुलुंडला मावशीच्या पार्लरमध्ये काढले.

झालं होतं असं, की वर्गात धडा वाचायला माझा नंबर जवळ आला की छातीत धडधड, हात बर्फासारखे गार, श्वास पुरेना. एकदा तर वर्गातच उलटी झाली. मग शाळेच्या गेटपाशीच हे सगळं व्हायला लागलं. डॉक्टर म्हणाले, ही अँग्झायटी आहे, उपचार करू, पण सध्या शाळेला ब्रेक. आई-बाबा दोघंही ऑफिसला, मग मी दिवसभर घरी एकटी कशी राहणार? मावशी म्हणाली, "पाठव माझ्याकडे. एसी आहे, चहा आहे आणि इथे कोणी धडे वाचत नाही!"

*

पहिल्याच दिवशी एक काकू केस कापायला आल्या. खुर्चीत बसल्या बसल्या आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काय गं, आज शाळा नाही?"

माझी वाट लागली. ज्या प्रश्नाला घाबरून मी बिल्डिंगखालीसुद्धा उतरत नव्हते, तोच!

मावशीने कात्री ठेवली आणि दोरा उचलला. "काकू, अप्परलिप करून टाकू. फ्री!"

"अगं, पण मी तर फक्त..."

"जीभ ओठामागे दाबून धरा. आणि अजिबात बोलू नका, कापेल!"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुढचा प्रश्न तोंडातच राहिला. त्या पावसाळ्यात मुलुंड पूर्वेच्या किती बायकांची अप्परलिप फुकटात झाली, देव जाणे!

*

आईने बिल्डिंगमध्ये सांगून ठेवलं होतं, "तनूला कावीळ झालीये." कावीळ म्हटली की लोकांना पटकन कळतं ना! पण आमच्या शेजारच्या नेने काकू केसांना डाय लावून घ्यायला आल्या, त्यांनी माझी पापणी खाली ओढली आणि म्हणाल्या, "डोळे तर पांढरेशुभ्र आहेत की गं! कसली कावीळ?"

मावशी वैतागली. "नाहीये कावीळ. टेन्शनचा त्रास आहे तिला. शाळेत छातीत धडधडतं. झालं समाधान?"

मला वाटलं, आत्ताच्या आत्ता इथून गायब व्हावं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आयब्रोवाली म्हणाली, "मला व्हायचं ना असं, बारावीला." तिच्या शेजारची म्हणाली, "मला ड्रायव्हिंग टेस्टच्या वेळी झालं. पळूनच आले!" नेने काकूंनी डोक्यावरचा डायचा लेप सांभाळत इकडेतिकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "मला अजून होतं. सासूबाई राहायला आल्या की."

"अहो काकू, तुम्ही सत्तरीच्या ना?"

"सासूबाई ब्याण्णवच्या आहेत. एकदम फिट!"

सगळ्या बायका हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. मीसुद्धा. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

*

काउन्सेलर मॅडमनी मला श्वास शिकवला होता. मनात आकडे मोजत आत घ्यायचा, थोडं थांबायचं, सावकाश सोडायचा. वॅक्सला प्रचंड घाबरणारी एक बँकवाली ताई यायची. म्हटलं, हिलाही शिकवू. ताई डोळे मिटून असा काही मन लावून श्वास घ्यायला लागली की बास! बऱ्याच वेळाने डोळे न उघडताच म्हणाली, "मालतीताई, मी रेडी आहे. ओढा आता."

मावशी म्हणाली, "अगं बये, दोन्ही हात झाले! पाय पुढे घे."

*

दिवाळीची सुट्टी संपत आली. शाळेने आईला विचारलं, तनुजा दुसऱ्या सत्राला येणार, की वर्ष सोडणार? मला जायचं होतं हो, मनापासून जायचं होतं! मैत्रिणी दहावीत जाणार आणि मी मागे राहणार, या विचाराने रडू यायचं. पण नुसतं "हो" म्हणायचं म्हटलं तरी हात गार पडायचे.

आणि त्याच आठवड्यात पार्लरचं दार ढकलून कोण आत यावं? आमच्या क्लासटीचर, राजे मॅडम! त्यांच्याच तासाला मला उलटी झाली होती. भाचीच्या लग्नासाठी त्यांना फेशियल करून घ्यायचं होतं. मी थेट टॉवेलच्या कपाटामागे. मावशीने एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, एकदा मॅडमकडे, आणि तिला सगळं कळलं.

"मॅडम, पॅक जरा जाड लावते हं. सुकेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही. भेगा पडतात." डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या आणि माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "आता त्यांना बोलताही येत नाही आणि बघताही येत नाही. असा चान्स परत मिळायचा नाही, तनू!" आणि चहा करायला आत निघून गेली.

मी स्टूल ओढलं. "मॅडम, मी तनुजा. नववी ब. बोलू नका, भेगा पडतील." मग जे सुटले! ओळीने वाचायला सांगता तेव्हा माझा परिच्छेद कुठला येणार हेच मी मोजत बसते, धडा कानावरसुद्धा पडत नाही. मला शाळेत यायचंय. फक्त दाराजवळ बसू द्या, त्रास फार झाला तर न विचारता बाहेर जाऊ द्या. आणि वाचायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, मी तयारी करून येईन.

चादरीखालून मॅडमचा हात बाहेर आला आणि चाचपडत माझ्या हातावर येऊन थांबला. त्यांचा हात माझ्यापेक्षा गार होता.

त्या तोंड धुऊन आल्या तेव्हा दारातून नवीन गिऱ्हाईक आत येत होतं. "अगंबाई, ही इथे काम करते? शाळेत जात नाही का?"

"अप्परलिप करून टाकू. फ्री!" मावशी म्हणाली, आणि जीभ कुठे दाबायची तेही सांगितलं. मॅडम टॉवेल हातात धरून सगळं बघत राहिल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "सोमवारपासून दाराजवळचा बाक तुझा."

*

सोमवारी गेले. गेटपाशी धडधडलं, तरी गेले. बाकावर बसले. राजे मॅडम हजेरी घेत होत्या. तेवढ्यात मागून साहिल ओरडला, "ए तनुजा! एवढे महिने होतीस कुठे? काय झालं होतं तुला?"

अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. माझे हात गार पडायला लागले.

मॅडमनी हजेरीवरून मान वर केली नाही. "साहिल, अप्परलिप करून टाकू का? फ्री!"

साहिलचा हात आपोआप नुकत्याच फुटलेल्या मिशीवर गेला.

"जीभ ओठामागे दाबून धर," मॅडम म्हणाल्या, "आणि अजिबात बोलू नकोस!"