आसरांचा ओटा आणि माझा लाल बाण

आधीच सांगते, मी देवदेवस्कीतली नाही. मांजर आडवं गेलं तर आमच्या घरी मांजराला वाट देतात, एवढंच. नदीची मोजणी हे माझं काम. त्यामुळे हे वाचून कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा... मला खरंच हवंय.

जागा — तेरणा नदी, लोहारा तालुका, माकणीच्या खालच्या अंगाचं एक वळण. वळणाच्या पोटात वर्षभर पाणी धरणारा एक खोलगट डोबा होता. पुरानंतर नदीनं गाळ कुठं टाकला आणि डोबा पाणथळ म्हणून जगवता येईल का, हे आमच्या संस्थेला बघायचं होतं. आमचा तो प्रोजेक्ट, पण काठावर गोठा असलेल्या काशीबाई मावशींचं सगळं त्या डोब्यावरच. त्यांच्या म्हशी तिथंच प्यायच्या, तिथंच डुंबायच्या. डोबा गेला तर म्हशींना बाजार दाखवायचा, दुसरा इलाज नव्हता.

मोजणीला न हलणारी एक खूण लागते. आम्हा सर्व्हेवाल्यांना पार दिसो की पायरी, लगेच ऑइलपेंटचा डबा निघतो. उन्हाळ्यात मी काठावरचा साती आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या देवींचा ओटा निवडला. गुडघाभर उंच, दगड-चुन्याचा, वर शेंदूर लावलेले सात दगड. त्याच्या कडेला लाल बाण काढला. दुसरी खूण लांब पुलाच्या कठड्यावर.

मग पूर आला. पाणी उतरल्यावर मी, सहकारी प्रशांत आणि मावशी तिथं गेलो. ओल्या गाळावर आमच्याआधी कुणाचं पाऊल नव्हतं. आजूबाजूची झुडपं कमरेइतकी रेतीत बुडालेली. म्हणजे ओटा गाडला गेलेला असायला हवा... तो समोर होता. गुडघाभर उंच, माझ्या बाणासकट.

पुलावरच्या खुणेवरून लेव्हल घेतली, म्हणजे जमिनीची उंची मोजली, तर सगळी जमीन कमरेइतकी वर आलेली. ओट्यावरून घेतली तर काहीच बदललेलं नाही. म्हणजे ओटाही तेवढाच वर आला? पूल खचला असेल म्हणून गावातल्या शाळेच्या पायरीवरून ताडून पाहिलं. पूल जागेवर होता. प्रशांतनं ओट्याच्या बुडाशी खोदलं — आधी ताजी रेती, तिच्याखाली जुनी काळी माती. म्हणजे ओटा ताज्या रेतीवर बसलेला, आणि चुन्याला साधा तडा नाही. भीती अशी वाटली नाही, पण तिथून पाय निघेना.

आधी कधी असं झालंय का, मी मावशींना विचारलं.

“म्या दरसाल हितं ओटी भरते, पर ध्यान न्हाय दिलं कधी. वटा जिथल्या तिथंच दिसतुय की.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पाणी थांबंल का, बाई?”

ओट्यावरून हिशोब केला तर थांबणार. पुलावरून केला तर नाही, कारण डोब्याचा तळ आता नदीच्या पाण्याच्या वर गेलेला, त्यात रेती. मी पुलावर विश्वास ठेवला आणि नाही म्हणाले. फार वाईट वाटलं. त्यांनी वाद घातला नाही, दिवाळीपर्यंत वाट बघते म्हणाल्या.

संक्रांतीनंतर मी पुन्हा गेले. गोठा रिकामा असणार, अशी मनाची तयारी करूनच.

डोब्यात पाणी होतं. मावशींच्या म्हशी गळ्यापर्यंत बसलेल्या, काठाला बगळे. मी आधी लेव्हल लावली, पुलावरूनच. तळ अजूनही वर, नदी खाली. काळी माती पाणी धरते म्हणावं, तर नदीकडची बाजू निव्वळ रेतीची. तिथून सगळं झिरपून जायला हवं. जात नाही.

ओट्यावर माझ्या बाणालाही कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं. मला हसू आलं, पण पुसायला हात गेला नाही.

निघताना मावशी गाडीपर्यंत आल्या.

“कळलं तर मलाबी सांगा.”

मी हो म्हणून आले. त्यानंतर दोनदा त्या वाटेनं गेले, दोन्ही वेळा त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही वेळा मी मान हलवली... अजून नाही.