नीलम्मानं बांधलेली नळी

नीलम्मानं नवऱ्याचा पाय खाल्ला, असं सात रस्त्यापासून बाजारपेठेपर्यंत पाच वर्षं बोललं जातंय. बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? पण तिचा नवरा होता त्या वॉर्डात मी नर्स होते, केसपेपर माझ्या हातात होता, आणि खरं काय ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आज सांगते, आणि संतापानंच सांगते. ज्याला गोड ऐकायचंय त्यानं दुसरीकडे जावं.

नीलम्मा म्हणजे कल्लप्पाची बायको. दोघांचं ज्वारी-डाळीचं दुकान. बाई अंगानं काटक, कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. तराजू नवऱ्याच्या हातात, आणि पोती भरून बांधायचं काम हिचं. पोत्याचं तोंड मुठीत धरून सुतळीचे दोन फेरे मारायची आणि अशी गाठ आवळायची की पोतं गाडीवरून पडलं तरी दाणा सांडायचा नाही. शाळेची पायरी चढलेली नव्हती. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि दोन्हीकडे जीभ सारखीच फटकळ. फक्त सासूपुढे, गुरम्मापुढे, ती गप्प असायची.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात कल्लप्पा पोत्यांच्या थप्पीवरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. साठीला आलेला माणूस. मोडलेला गोळा काढून तिथं स्टीलचा बसवायचा, असं आमचे डॉक्टरसाहेब म्हणाले. सोलापुरात तेव्हा हे ऑपरेशन म्हणजे नवल होतं. साहेबांचा हात चांगला होता, ते मी नाकारत नाही. पण पेशंटच्या माणसांशी चार शब्द बोलायचे म्हणजे त्यांना कमीपणा वाटायचा.

रक्त लागेल म्हटल्यावर चुलत्या-पुतण्यांनी एकेक करून काढता पाय घेतला. कुणाला चक्कर येत होती, कुणाचं शेत वाट बघत होतं. नीलम्मानं पदर खोचला, हात पुढे केला आणि स्वतःचं रक्त दिलं. जुळलं, हे तिचं नशीब. बाटली भरेपर्यंत ती तिच्याकडे टक लावून बघत होती.

सोमवारी ऑपरेशन झालं. मांडीतून एक रबरी नळी बाहेर काढून कॉटखालच्या बाटलीत सोडली होती. अशा ऑपरेशननंतर जखमेत रक्त साठतं, ते आत राहिलं तर नासतं, म्हणून नळीवाटे बाहेर ओढून घ्यायचं. एक-दोन दिवसांत ते यायचं थांबतं, मग नळी काढून टाकायची. एवढंच असतं ते. कळायला काय मोठं अवघड आहे? पण एवढंसुद्धा त्या बाईला कुणी सांगितलं नाही.

तिनं काय पाहिलं ते बघा. वर स्टँडला तिनं दिलेलं रक्त थेंबथेंब नवऱ्याच्या अंगात चाललंय, खाली बाटलीत रक्त जमतंय, आणि आया ती बाटली नेऊन मोरीत उपडी करते. राउंडला तिनं साहेबांना विचारलं, तर ते ज्युनियर डॉक्टरांशी इंग्रजीत बोलत पुढच्या कॉटकडे गेले. मग तिनं मला विचारलं. मी म्हणाले, असतंच ते. माझ्या अंगावर अठ्ठावीस पेशंट होते. असू देत अठ्ठावीस! दोन वाक्यं बोलायला कितीसा वेळ लागतो?

मंगळवारी दुपारी एक वाजता मी बघितलं तेव्हा नळी ठीक होती. दोन वाजता इंजेक्शन द्यायला गेले, तर नळीला सुतळीची गाठ. पोत्याची असते तशीच. नीलम्मा कॉटला टेकून बसली होती, लपवायचा प्रयत्नसुद्धा नाही.

“माझं रक्त हाय त्ये,” ती म्हणाली. “तुमी मोरीत वतताव. म्हणून बांदलं.”

माझ्या मस्तकात तिडीक गेली. कात्रीनं सुतळी कापली. नळी परत वाहू लागली, मांडीला सूज नव्हती. वेळ घालून सगळं केसपेपरवर लिहिलं. मग स्टूल ओढून तिच्यापुढे बसले आणि जे आदल्या दिवशीच सांगायला हवं होतं ते सांगितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. तेव्हापासून त्या नळीला वाऱ्याचासुद्धा धक्का लागू दिला नाही तिनं. आया बाटली बदलायला आली की ही आधी तिला हात धुवायला लावायची.

बुधवारी बाटलीत दोन चमचे आलं. गुरुवारी काहीच नाही. म्हणजे नळीचं काम संपलं, आता ती काढायची. पण साहेब मंगळवारी संध्याकाळीच मेव्हणीच्या लग्नाला बेळगावला गेले होते, आणि जाताना सांगून गेले होते की मी येईपर्यंत नळीला कुणी हात लावायचा नाही. ज्युनियर डॉक्टर विरुपाक्ष भला माणूस, पण साहेबांचं नाव काढलं की त्याची दातखीळ बसायची. मी त्याला तीनदा म्हणाले. साहेबांची ऑर्डर आहे, एवढंच त्याचं उत्तर. इकडे बाहेरच्या कातडीपासून आत थेट त्या स्टीलच्या गोळ्यापर्यंत वाट उघडी, एप्रिलचं ऊन, घामानं भिजलेलं ड्रेसिंग आणि वॉर्डभर माश्या. साहेब पुढच्या मंगळवारी उगवले. तोवर कल्लप्पा तापानं फणफणला होता आणि नळीतून पू येत होता.

नळीला कुणी काय केलं, असं साहेबांनी दरडावून विचारलं. मेट्रनबाईंनी गाठीचं सांगितलं. बुडत्याला काठ सापडावा तसं झालं त्यांचं. सगळ्या वॉर्डासमोर, गुरम्मासमोर, कॉटवरच्या कल्लप्पासमोर त्यांनी नीलम्माकडे बोट केलं.

“हिनं नळी बांधली, रक्त आत कुजलं. पाय गेला तर हिच्यामुळे गेला.”

आणि मी? मी केसपेपर छातीशी धरून उभी होते. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, की गाठ होती जेमतेम तासभर. नळी विनाकारण किती दिवस राहिली, तेही त्यावरच होतं. तोंड उघडायचं होतं फक्त. पण त्या महिन्यात माझी नोकरी पक्की व्हायची होती, करमाळ्याला घरी सगळे त्याच बातमीची वाट बघत होते, आणि साहेबांच्या सहीशिवाय ती होणार नव्हती. मी मूग गिळून बसले. नोकरी पक्की झाली. थू त्या नोकरीवर.

स्टीलचा गोळा काढून टाकावा लागला. कल्लप्पाचा पाय तीन बोटं आखूड झाला, काठी आली. नळीमुळेच पू झाला असं छातीवर हात ठेवून मी सांगणार नाही, पू शंभर वाटांनी होतो. पण तासाभराच्या गाठीनं झाला नाही, हे मी कुठंही सांगेन. सांगायला पाच वर्षं लावली, एवढंच.

परवा ज्वारी घ्यायला म्हणून त्यांच्या दुकानात गेले. इतकी वर्षं त्या रस्त्यानं जायचं मी टाळत होते, पण त्या दिवशी नेहमीचं दुकान बंद होतं. नीलम्मा पोतं बांधत होती. पोती उचलून आता तिचे खांदे वाकलेत. तराजूमागं काठी घेऊन बसलेला कल्लप्पा गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बांद, बांद. तेवडंच येतंय तुला.” दोघं गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. आतून गुरम्माचाही एक टोमणा आला. नीलम्मानं मान वर केली नाही, म्हणजे हे रोजचं होतं.

मग मात्र मला राहवेना. पिशवी खाली ठेवली आणि तिथंच, त्या हसणाऱ्यांसमोर, मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. गाठ एक तास होती, मी कापली, नळी वाहत होती. काम संपल्यावरही ती पाच दिवस कुणी काढली नाही, कारण साहेब लग्नात जेवत होते. तुझा पाय हिनं घालवला नाही, कल्लप्पा. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.

गुरम्मा दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. कल्लप्पानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. म्हणाला, नीलम्मा, शिस्टरला पाणी दे.

नीलम्मा हलली नाही. मला वाटलं रडेल, नाहीतर दोन शिव्या तरी हासडेल. शिव्या मी आनंदानं खाल्ल्या असत्या.

“पाच वर्सं झाली,” ती म्हणाली. “रोज सकाळी ह्यांच्या पायावर डोकं ठिवून माफी मागितली मी, शिस्टर. आकूड पायावर. ती आता कुणाकडनं परत घिऊ?”