चामखीळबाई

मॅडम पेशंटला नाव नंतर विचारायच्या. आधी विचारायच्या, "काय काय फासून आलात?" मग पेशंट मान खाली घालून सांगायचा. चुना, बॅटरीतलं अ‍ॅसिड, कुणा मामाने चामखिळीला बांधलेला घोड्याचा केस. नागीण उठली की लोक आधी गेरू लावणारा शोधत आणि पाठ चिघळली की मॅडमकडे येत. "पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर गोळ्यांनी भागलं असतं. पण तुम्हाला नागिणीचं तोंड शेपटीला भिडतंय का ते बघायचं होतं," हे त्या तोंडावर ऐकवायच्या.

मॅडमचा कातडीचा दवाखाना भिवंडीत, निजामपुऱ्यात, पहिल्या मजल्यावर. गावाने त्यांना 'चामखीळबाई' म्हणून नाव ठेवलं होतं. नाव ठेवणारेच जांघेत काही उगवलं की तोंडाला रुमाल बांधून जिना चढत. ज्यांना तेवढंही जमत नसे ते कल्याण गाठत, आणि कल्याणचे लाजरे इकडे येत. "दोन्ही गावांची अब्रू रिक्षाने ये-जा करते," मॅडम म्हणायच्या. एकदा एक लूमवाला म्हणाला, "मॅडम, दोस्त को हुआ है." त्या म्हणाल्या, "तो दोस्त को भेजो. तुम पसीना क्यों पोंछ रहे हो?"

मी हे हसत सांगतोय, पण मी त्या लूमवाल्याहून शहाणा नव्हतो. आम्ही भिवंडीजवळच्या अंजूर गावचे. शेतावर गोदाम उभं राहिलं, भाडं यायला लागलं आणि आमच्या अंगात मस्ती आली. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तोच बायकोला नको त्या जागी फ्लॉवरसारखे कोंब आले. आई म्हणाली, "म्हायेरूनच आनला असंल. धाड तिला परत." मला ते सोयीचं वाटलं. बायकोला मॅडमकडे नेलं ते उपचारासाठी नव्हे. रोग तिचा आहे असा सही-शिक्क्याचा दाखला मला हवा होता, सासऱ्यासमोर आणि पंचांसमोर ठेवायला.

मॅडमनी सगळं ऐकलं. तिला तपासलं आणि मला म्हणाल्या, "आता तुम्ही."

"मला काय नाय मॅडम. दोन-चार चामखिळी हायेत. वस्तऱ्याने झालेल्या, लग्नाआधीपासनं."

"वस्तऱ्याने?" मॅडमनी चष्मा काढून पुसला. पडदा ओढून मलाही तपासलं. मग म्हणाल्या, "कुणी कुणाला दिला हे कुठलाच डॉक्टर लिहून देऊ शकत नाही. हा विषाणू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. पण तुमचं तुम्हीच आत्ता सांगून टाकलंत."

दाखला त्यांनी दिला. 'रोग दोघांना आहे. दोघांनी उपचार घ्यावेत. पंचांनी यात पडू नये.' खाली सही, शिक्का. कागद माझ्या हातात नाही, बायकोच्या हातात दिला.

चार-पाच महिने दोघांना औषध लावलं, काही चामखिळी जाळल्या. परत उगवल्या, परत जाळल्या. बायकोला गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही करायला लावली. "चामखीळ जाते, विषाणू दबून राहू शकतो. परत आली तर इथे या, घरात भांडण काढू नका," असं त्यांनी बजावलं. संसार टिकला तो त्या बाईमुळे. आईला मात्र मी खरं कधी सांगितलं नाही. गावाचं बोट बायकोकडेच राहिलं आणि मी ते राहू दिलं.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. अंत्ययात्रेला, भिवंडीतच टेमघरला, त्यांच्या बिल्डिंगखाली दहा-बारा माणसं होती. अर्ध्या भिवंडीची कातडी ज्यांनी नीट केली, त्यांच्यासाठी दहा-बारा. येणार कोण? आलं तर ओळख कुठली ते सांगावं लागणार. आमच्या गावचे एक काका त्याच बिल्डिंगमध्ये राहायचे. त्यांनी विचारलंच, "तू कसा रं इकडं?"

"पायाला नायटा झालेला, तवाची वळख," मी म्हणालो.

बायकोने मॅडमच्या पायाशी फुलं ठेवली आणि वळली. आवाज जराही न उतरवता म्हणाली, "नायटा न्हाय काका. गुप्तरोग होता. पयला यांना, मंग मला. बाईंनी दोघांना बरा केला."

काका दोन पावलं मागे सरकले. ती पदर सावरून पुन्हा मॅडमच्या पायाशी जाऊन बसली. आणि मला त्या वेळी काळजी कसली पडली होती, तर हे आता आईच्या कानावर जाणार.