पत्र्यावर फेकलेला दात

मंडळी, आज माझ्या नऊ वर्षांच्या गौरीचा पुढचा दात हापशाचा दांडा लागून अर्धा तुटला. दुधाचा दात पत्र्यावर फेकायची आपली रीत. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, हा तुकडाही तसाच फेकला.

लातूरच्या दातांच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "हा पक्का दात आहे. तुकडा दुधात टाकून लगेच आणा, चिकटवता येतो."

आबांचे गुडघे लई दुखतात. तरी शिडी लावून चढले, तापलेल्या पत्र्यावर रांगत राहिले. "घावला गं!" ओरडले तेव्हा मला रडूच आलं.

दात बसला. परतताना एसटीत आबा खळखळून हसले. गौरी त्यांच्या तोंडातल्या दातांच्या रिकाम्या जागांकडं बघतच राहिली.

"आबा, तुमचे तुटले तवा कुणीच शोधले न्हाईत का?"

बारा वर्षं मीच त्यांना जेवायला वाढते. सांगा मंडळी, मला कसं दिसलं नाही?